हॉर्सपॉवर वाढली म्हणता, पण मोजली कशी?

संपादक महोदय, स. न.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत गाड्या मॉडिफाय करणाऱ्या गॅरेजवाल्यांवर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली एका चौकटीत लिहिलंय की साध्या पेट्रोल हॅचबॅकला परफॉर्मन्स एअर फिल्टर, फ्री फ्लो एक्झॉस्ट (म्हणजे धूर कमी अडवणारा साइलेन्सर) आणि ‘स्टेज वन’ रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, केलं की पंचवीस हॉर्सपॉवर वाढतात. कुठे मोजली, कशावर मोजली, आधी किती होती, याचा एक शब्द नाही. माझ्या भाच्याने त्या चौकटीचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं ‘मावशी बघ, आता पेपरात पण आलंय’. पेपरात आलं म्हणजे खरं असं अजूनही लोक मानतात हो, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त आकडे कापू नका.

मी नोकरीभर इंजिन टेस्टिंगचं काम केलंय, एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात. टेस्ट बेडवर इंजिन बांधायचं, ब्रेक लावायचा, रीडिंग घ्यायचं, रिपोर्ट लिहायचा, हेच काम. त्यामुळे हॉर्सपॉवर वाढली असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ‘किती’ हा नसतो, ‘आधीचं रीडिंग दाखवा’ हा असतो.

मुळात हॉर्सपॉवर मोजत नाहीत, ती हिशोबाने काढतात. मोजतात तो टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, आणि आरपीएम. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात. हॉर्सपॉवरची मापं दोन चालतात, एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि एक बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट, हे दोन वेगळे आहेत पण जाहिरातीत सर्रास एकाच्या जागी दुसरं लिहितात. गाडीचा आधीचा आकडा बीएचपीत आणि नंतरचा पीएसमध्ये दिला की काही न करताच सव्वा-दीड टक्का वाढला, पाना पण फिरवायला नको!

आता त्या पंचवीसचा हिशोब करू. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट घ्या, १.२ लिटर इंजिन, कंपनीचा आकडा ६००० आरपीएमला ८३ पीएस आणि ४२०० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर. ८३ पीएसचा अर्थ असा की ६००० ला टॉर्क ९७ च्या आसपास उरलेला असतो, कारण वर वर जाताना इंजिनाला श्वास पुरत नाही. समजा तुम्ही फिल्टर, पाइप, सगळं इतकं मोकळं केलंत की ६००० ला पण इंजिन ४२०० इतकंच छान श्वास घेतं, म्हणजे तिथेही पूर्ण ११३ मिळाला, जे नुसत्या बोल्ट लावायच्या सामानाने होत नाही, तरी आकडा येतो ९६-९७ पीएस. पंचवीस वाढवून १०८ करायचे तर ६००० ला १२६ न्यूटन मीटर लागेल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दरवेळी तीस टक्के जास्त हवा. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, मग ही हवा ढकलणार कोण? बाहेरच्या हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास, आणि फुल थ्रॉटलला चांगल्या स्वच्छ फिल्टरमध्ये त्यातला साधारण एक-दोन किलोपास्कल जातो. फिल्टर काढून फेकून दिलात तरी परत मिळून मिळून तेवढंच मिळणार. पी हळद अन् हो गोरी असं इंजिनाच्या बाबतीत होत नाही.

यावर गॅरेजवाले म्हणतात आमच्याकडे डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनचा, ग्राफ आहे. असू दे ना, ग्राफ चांगलीच गोष्ट आहे, पण तो कसा काढला यावर सगळं आहे.

गॅरेजमध्ये असतो तो चेसिस डायनो. गाडी रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी बांधतात, एका गिअरमध्ये फुल थ्रॉटल देऊन शेवटपर्यंत ओढतात, हा झाला एक ‘रन’. यात मिळते ती चाकावरची पॉवर. कंपनी सांगते ती इंजिनाची पॉवर. मधे गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग, टायर यांच्यात काही टक्के खर्च होतात. किती, तर नक्की कोणालाच माहीत नसतं, म्हणून ऑपरेटर कॉम्प्युटरवर एक टक्केवारी टाकतो. चाकावर ६८ आली आणि १५ टक्के लॉस धरला तर इंजिनाची ८०. तीच ६८, पण लॉस २० टक्के धरला तर ८५. कीबोर्डवरून पाच हॉर्सपॉवर! त्यामुळे मी तर म्हणेन की चाकावरचा आकडा मागा आणि तोच आधी-नंतर ताडून बघा, इंजिनाच्या आकड्याच्या नादी लागू नका.

डायनोमध्ये पण प्रकार आहेत. काहींमध्ये नुसता जड रोलर असतो आणि गाडीने तो किती वेळात किती वेगाने फिरवला यावरून पॉवर काढतात, त्याला इनर्शिया डायनो म्हणतात. काहींमध्ये एडी करंट ब्रेक, म्हणजे विजेच्या चुंबकाचा ब्रेक असतो, तो खराखुरा लोड देतो. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, जुळायची अपेक्षाही नाही. म्हणून आधीचं रीडिंग पुण्याच्या डायनोवर आणि नंतरचं नवी मुंबईच्या, किंवा आधीचं चक्क कंपनीच्या ब्रोशरमधून उचललेलं, असला ग्राफ म्हणजे मासे एका कोळणीच्या काट्यावर तोलायचे आणि पैसे दुसरीच्या काट्यावरून द्यायचे. इनर्शिया डायनोची तर आणखी एक गंमत, त्यावर हलके अलॉय लावून गाडी आणलीत तर हॉर्सपॉवर वाढलेली दिसते, इंजिनाला कोणी हात पण लावलेला नसतो. फिरवायला वजन कमी झालं म्हणून रोलर लवकर फिरला, एवढंच.

आणि मग आपली मुंबईची हवा. हे मला मुद्दाम लिहायचंय कारण यावर कोणी बोलतच नाही. इंजिनाला लागतो ऑक्सिजन. हवा गरम झाली की विरळ होते, दमट झाली की वाफ ऑक्सिजनची जागा खाते. ३२ डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, म्हणजे आपला जूनचा कुठलाही दिवस, तर साडेतीन किलोपास्कलच्या वर दाब नुसत्या वाफेचा असतो, तो इंजिनाच्या काही कामाचा नाही. एसएई या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेचा जे १३४९ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात २५ डिग्री आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब धरून सगळे आकडे एका पातळीवर आणायचा फॉर्म्युला दिलाय, यालाच करेक्शन म्हणतात. मी त्याने हिशोब केला. मे महिन्यातली घामट दुपार आणि जानेवारीतली थंड कोरडी सकाळ यात टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला सहा-सात टक्के फरक पडतो. ऐंशी हॉर्सपॉवरच्या गाडीला पाच हॉर्सपॉवर. नुसतं कॅलेंडर उलटून! आणि मॉडिफिकेशनमधून खरोखर जे मिळतं ते बऱ्याचदा याच्यापेक्षा कमी असतं, मग सांगा, मेमधलं आधीचं आणि जानेवारीतलं नंतरचं रीडिंग करेक्शन न लावता शेजारी ठेवलं तर काय कळणार.

करेक्शन लावलं तरी कुठलं लावलं ते विचारावं लागतं. एसएईचं लावलं तर एक आकडा, जुनं ‘एसटीडी’ नावाचं लावलं तर तोच रन सुमारे चार टक्के जास्त दाखवतो. तापमान मोजायचा सेन्सर इंजिनाच्या गरम हवेजवळ लटकवला तर सॉफ्टवेअरला वाटतं बिचारी गाडी भट्टीत पळतेय आणि ते आकडा वाढवून देतं. टर्बो गाडीला हे करेक्शन तसंच्या तसं लावणं पण बरोबर नाही, कारण तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, सांभाळून घेतो. हे सगळं ग्राफच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘एसएई’ का ‘एसटीडी’, स्मूदिंग (म्हणजे ग्राफची रेघ गुळगुळीत करणं) किती, तापमान किती, दाब किती. तो कोपरा कापून इन्स्टावर टाकलेला ग्राफ माझ्या मते रद्दी.

पहिला रन थंड गिअरबॉक्सवर घेतला आणि शेवटचा गरम झाल्यावर, तर ऑइल पातळ झाल्याने पण एखाद-दोन हॉर्सपॉवर वाढते. उलट इंजिन फार तापलं, समोरचा पंखा छोटा असला, तर कमी होते. टायरमधली हवा, पट्टा किती ताणला, कुठला गिअर घेतला, सगळ्याने आकडा हलतो. चांगला डायनो, एकच दिवस, एकच ऑपरेटर असेल तरी एक-दोन टक्के इकडेतिकडे होतंच, म्हणजे ऐंशीच्या गाडीला दीडेक हॉर्सपॉवर. त्यामुळे ‘फिल्टरने दीड हॉर्सपॉवर वाढली’ असं एका रनवरून कोणी म्हणत असेल तर तो काहीच म्हणत नाहीये.

आमच्याकडे याला साधा उपाय होता आणि तो गॅरेजमध्ये पण सहज होतो. गाडी गरम करून घ्यायची, स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सामानावर तीन रन घ्यायचे, गाडी रोलरवरून न उतरवता, पट्टे न सोडता नवीन पार्ट लावायचा, परत तीन रन, आणि मग, हेच कोणी करत नाही, जुना पार्ट परत लावून पुन्हा तीन रन. जुना लावल्यावर आकडा पहिल्या जागी परत आला तर मधली वाढ पार्टची. आला नाही तर वाढ कसली तरी दुसऱ्याची आहे. फिल्टरला तर हे करायला पाच मिनिटं लागतात, एक क्लॅम्प सोडायचा असतो.

फिल्टरवरून आठवलं. त्यात एक हातचलाखी नेहमी होते आणि बऱ्याचदा करणाऱ्यालाही ती कळत नाही. गाडी येते तेव्हा आतला फिल्टर दोन वर्षांचा, मेट्रोच्या खोदकामाची सगळी धूळ खाल्लेला, तो असताना आधीचं रीडिंग. मग नवा कोरा परफॉर्मन्स फिल्टर घालून नंतरचं. वाढणारच! पण कंपनीचा चारपाचशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर घातला असता तरी वाढलंच असतं. अमेरिकेत ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये नेमकं हे तपासलं होतं, आजच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांमध्ये चोंदलेल्या फिल्टरने मायलेजला फारसा फरक पडत नाही पण फुल थ्रॉटलला पिकअप मात्र कमी होतो असं त्यांना दिसलं. तेव्हा तुलना करायची तर नव्याची नव्याशी. आणि ते मशरूमसारखे उघडे फिल्टर बॉनेटखाली लावतात ना, ते तर ट्रॅफिकमध्ये रेडिएटरची गरम हवाच ओढतात, सायनच्या सिग्नलला उभं राहून मिळवलेली हॉर्सपॉवर उलटी वजा.

‘पण मावशी, गाडी पळताना जाणवतं की’ हे भाच्याचं उत्तर. जाणवतं हे खरंय, मी नाही म्हणत नाही. फ्री फ्लो लावला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की माणसाला वेग वाढल्यासारखा वाटतो. ते पेडल बॉक्स म्हणून मिळतात, त्यात तर नुसता अॅक्सिलरेटरचा सिग्नल बदललेला असतो, अर्धा दाबलात की गाडीला पाऊण दाबल्याचं सांगतो. गाडी चपळ वाटते, पण पूर्ण दाबल्यावर जेवढी पॉवर आधी होती तेवढीच नंतर, त्यात एका हॉर्सपॉवरची भर नाही. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो तिथे, खुपसायचे ते रंगीत डोंगल तर सोडूनच द्या, लोकांनी असले उघडून बघितले तर आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवणारी चिप निघालीये.

घड्याळ लावून बघता येईल का असं कोणी विचारेल. हिशोब सांगते. माणसासकट १०५० किलोची गाडी ४० वरून ८० किलोमीटर वेगाला न्यायला १९४ किलोज्यूल लागतात, हवेचा आणि टायरचा अडथळा सोडून. सहा सेकंदात नेली तर सरासरी ३२ किलोवॅट. त्यात दोन हॉर्सपॉवर वाढवलेत तर वेळ पाव सेकंदाच्या आसपास कमी होतो. मोबाइलवर अंगठ्याने स्टॉपवॉच दाबायची चूकच तेवढी असते, शिवाय एक मित्र मागे बसला की वजन सात टक्के वाढतं. रस्ता जरा उताराचा असला तर संपलंच. आणि मुंबईत हे करणार कुठे? सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर मर्यादा ८० ची, बोगद्यात ६०. रात्री कोस्टल रोडवर साइलेन्सर फोडत जाणाऱ्यांनी वरळी-ब्रीच कँडीवाल्यांची झोप आधीच उडवलीये, त्यात आपली शास्त्रीय भर नको.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सगळंच खोटं म्हणते. टर्बो गाडीत रिमॅपने पॉवर खरोखर वाढते आणि भरपूर वाढते, विशेषतः टर्बो डिझेलला. तिथे हवा ढकलणारा पंप आधीच बसलेला असतो, ईसीयूला बूस्ट आणि डिझेल वाढव म्हटलं की वीसेक टक्के सहज निघतात, कंपनीने तेवढी जागा राखून ठेवलेली असते. फियाटचं ते १.३ मल्टिजेट आठवा, स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि एसएक्सफोरमध्ये तेच इंजिन दुसऱ्या टर्बोने ९०. पण कंपनी जागा राखते ती उगाच नाही. क्लच, टर्बो, गिअरबॉक्स, एक्झॉस्टचं तापमान हे सगळं त्या टर्बोच्या आणि त्या टॉर्कच्या हिशोबाने बांधलेलं असतं. आणि ‘इलेक्ट्रिक टर्बो’ म्हणून जे पंखे ऑनलाइन मिळतात त्यांचा हिशोब तर घरी करता येतो: १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर हवा ओढतं, ती अर्धा बार दाबायला काही किलोवॅट लागतात, आणि गाडीचा अख्खा अल्टरनेटर एक-दीड किलोवॅटचा. हा पंखा इंजिनाच्या वाटेत अडथळाच बनतो.

कंपन्यांवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाही. फोर्डने १९९९ ची मस्टँग कोब्रा ३२० हॉर्सपॉवरची म्हणून विकली, मालकांनी डायनोवर चढवल्या, तेवढी निघेना, तेव्हा फोर्डला विक्री थांबवून विकलेल्या गाड्यांचे इनटेक आणि एक्झॉस्ट बदलून द्यावे लागले. माझदाच्या २००१ च्या मियाटाचं तसंच, १५५ सांगितली होती, मग १४२ म्हणावं लागलं आणि ज्यांना नको होती त्यांच्याकडून गाडी परत घ्यायची तयारी दाखवावी लागली. हे का झालं, तर मोजणारे लोक होते म्हणून. आपल्याकडे पॉवर मोजून प्रमाणपत्र द्यायला पुण्याला एआरएआय आहे, पण ते गाडी बाजारात यायच्या आधी. गॅरेजवाला नंतर काय म्हणतो ते तपासणारं कोणी नाही, पीयूसी तर आपण सगळे जाणतोच, उभ्या गाडीच्या धुराची तपासणी, तिचा पॉवरशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट त्या पानावर यायला हवी होती. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साइलेन्सरवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीच छापता. मग मागच्या पानावर तोच साइलेन्सर ‘पॉवर वाढवा’ म्हणून छापताना निदान एक ओळ तरी टाका, अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला क्लेमसाठी गाडी बघायला आला की पोरांना हे कळतं.

तर मागणी एवढीच. पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा वार्ताहराला गॅरेजवाल्याकडून आधीच्या आणि नंतरच्या रनचा पूर्ण प्रिंट मागायला सांगा, कोपऱ्यासकट, तारखेसकट, चाकावरच्या आकड्यासकट, आणि जुना पार्ट परत लावून घेतलेला रन आहे का ते विचारायला सांगा. नसेल तर ‘गॅरेजचा दावा’ असं छापा. ज्यांचं काम खरं आहे, आणि अशी चांगली पोरं मुंबईत आहेत, ती आनंदाने देतील. आणि अशा सामानावर घालवलेले वीस-तीस हजार म्हणजे आमच्या भांडुपच्या पोरांचा महिन्याचा पगार असतो.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व)

ता. क. : पंपावरच्या महागड्या १०० ऑक्टेन पेट्रोलबद्दल पण त्या पानावर एक ओळ होती. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे, नॉकिंग न होता, म्हणजे सिलिंडरमध्ये आपोआप भडकून ठोके न पडता, किती दाब सहन करतं त्याचं माप. ज्या इंजिनात ईसीयू नॉकिंगमुळे ठिणगीचं टायमिंग मागे घेत होता, म्हणजे बहुतेक जास्त कॉम्प्रेशनची किंवा टर्बो पेट्रोल इंजिनं, तिथे थोडं परत मिळतं. साध्या हॅचबॅकला साध्या पेट्रोलवर नॉकिंगच होत नसेल तर १०० ऑक्टेन घालून फक्त बिल वाढतं.